लहान अकूस्टिक गिटार कशी निवडावी: मोजमापापासून पहिल्या प्रवासापर्यंत

दुकानात "लहान गिटार दाखवा" म्हटले की बहुतेक वेळा समोर ३८ इंची गिटार येते. हे ३८ इंच म्हणजे हेडस्टॉकच्या (मानेच्या वरच्या, ट्यूनिंग की असलेल्या भागाच्या) टोकापासून बॉडीच्या बुडापर्यंतची एकूण लांबी. बोटांना किती ताणावे लागेल, उजवा हात बॉडीवरून तारांपर्यंत सहज पोचेल का, बसच्या सीटवर गिटार मांडीत मावेल का, यातले काहीच त्या आकड्यावरून कळत नाही. बऱ्याच ३८ इंची गिटारींची मान पूर्ण आकाराच्या गिटारपेक्षा जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरनेच आखूड असते. मग मुलाचा हात पहिल्या फ्रेटपर्यंत (मानेवरच्या धातूच्या पहिल्या आडव्या पट्टीपर्यंत) पोचत नाही आणि घरातले म्हणतात, याला गिटार जमत नाही.

गिटारचा लहानपणा तीन ठिकाणी वेगवेगळा मोजावा लागतो: तारेची लांबी, नटची (मानेच्या वरच्या टोकाला तारा जिच्या खाचांतून जातात त्या पट्टीची) रुंदी आणि बॉडीची खोली. हे तीन आकडे कागदावर येईपर्यंत ब्रँड, रंग आणि किंमत बाजूला ठेवा. खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. आधी गिटार आवडून घेतली आणि मोजमाप नंतर केले, तर मोजमापाचा काही उपयोग उरत नाही.

## टप्पा १: गिटार कोण वाजवणार आणि कुठे, हे आधी ठरवा

प्रौढ नवशिके. इथे सर्वांत जास्त चूक होते. सोपी पडेल म्हणून मोठी माणसे लहान मुलांची मिनी गिटार घेतात. अडीच-तीन महिन्यांत बोटांना सवय होते, आणि मग त्या आखूड मानेवर तीन बोटे एकाच फ्रेटमध्ये मावेनाशी होतात. ए मेजर कॉर्ड वाजवताना हे लगेच कळते. प्रौढ माणसाला खरा त्रास होतो तो मोठ्या ड्रेडनॉट बॉडीचा: खांदा वर उचलला जातो आणि मनगट वाकडे होते. त्यामुळे घरी शिकायचे असेल, तर बॉडी लहान आणि मान जवळपास पूर्ण किंवा किंचित आखूड, म्हणजे ६०० ते ६३५ मिलिमीटर, अशी गिटार शोधा. (मानेचा आकडा म्हणजे इथे तारेची वाजणारी लांबी. ती कशी मोजायची ते टप्पा २ मध्ये.)

मुले. वयापेक्षा उंची पाहा. साधारण ११५ ते १३० सेंटिमीटर उंचीच्या मुलाला ५३० ते ५४० मिलिमीटरची मान पुरते. १३० ते १४५ सेंटिमीटरला ५८० ते ६०० मिलिमीटर. त्याहून उंच मुलाला वर सांगितलेली प्रौढांचीच मापे लागू पडतात. "दोन वर्षांनी मोठी घ्यावी लागेल, आताच मोठी घेऊ" हा हिशोब कपड्यांना चालतो, गिटारला चालत नाही. हात ताणून वाजवण्याची लागलेली सवय पुढे मोडावी लागते.

प्रवास. घरी मोठी गिटार आहे आणि ट्रेकला, होस्टेलवर किंवा गावी न्यायला दुसरी हवी आहे, तर ५४० ते ६०० मिलिमीटर चालते. पण प्रवासात नेण्यासाठी आणि शिकण्यासाठी मिळून एकच गिटार घ्यायची असेल, तर ५८० च्या खाली उतरू नका.

> तपासा: वाजवणाऱ्याला हात नसलेल्या खुर्चीवर बसवा. गिटार मांडीवर घेऊन डावा हात पहिल्या फ्रेटवर ठेवायला सांगा. डावे कोपर किंचित वाकलेले राहिले पाहिजे. हात सरळ ताणला गेला तर मान लांब आहे. उजवा खांदा कानाकडे उचलला गेला तर बॉडी मोठी आहे. दोन्ही दोष वेगळे आहेत आणि दोन्हींचा उपायही वेगळा.

## टप्पा २: स्केल लेंथ मोजा

स्केल लेंथ म्हणजे नटपासून सॅडलपर्यंत (बॉडीवरच्या लाकडी ब्रिजमध्ये बसवलेल्या, तारा टेकतात त्या पट्टीपर्यंत) तारेचा जेवढा भाग वाजतो तेवढी लांबी. ती सॅडलपर्यंत थेट मोजू नका. सॅडल मुद्दाम थोडे तिरके बसवलेले असते, त्यामुळे प्रत्येक तारेला आकडा वेगळा येतो. नटच्या फ्रेटबोर्डकडच्या कडेपासून बाराव्या फ्रेटच्या पट्टीच्या मध्यापर्यंत मोजा आणि दुप्पट करा.

हा आकडा थोडा बदलला तरी बोटांना मोठा फरक पडतो. नटपासून चौथ्या फ्रेटपर्यंतचे अंतर ६५० मिलिमीटरच्या गिटारवर १३४ मिलिमीटर असते, ५८४ च्या गिटारवर साडेएकशेवीस आणि ५४० च्या गिटारवर साधारण १११. एकेक बोट एकेका फ्रेटवर ठेवून सराव करणाऱ्या नवशिक्याला पहिल्या दोन आकड्यांमधला हा जवळपास दीड सेंटिमीटर लगेच जाणवतो.

तुलनेसाठी बाजारातल्या काही ओळखीच्या गिटारींची मापे:

- यामाहा जेआर२: ५४० मिलिमीटर
- बेबी टेलर: सुमारे ५७८
- लिटल मार्टिन (एलएक्स मालिका): सुमारे ५८४
- टेलर जीएस मिनी: सुमारे ५९७
- यामाहा सीएसएफ१एम: ६००
- यामाहा एफएस८००: ६३४, बॉडी लहान, मान जवळपास पूर्ण
- नेहमीची ड्रेडनॉट: ६४५ ते ६५०

"थ्री-फोर्थ" हा शब्द ऐकून फसू नका. यामाहाच्या ३/४ क्लासिकल गिटारची स्केल लेंथ ५९० च्या आसपास आहे, म्हणजे पूर्ण गिटारच्या नऊ दशांश. एका कंपनीची थ्री-फोर्थ दुसऱ्या कंपनीच्या हाफपेक्षा थोडीशीच मोठी निघू शकते. टेपवरचा आकडा तेवढा खरा धरा.

गिटालेले (उकुलेलेएवढी सहा तारांची गिटार) हा प्रकार याच रांगेत ठेवलेला दिसतो, पण तो वेगळा आहे. यामाहाच्या गिटालेलेची स्केल लेंथ ४३३ मिलिमीटर आहे आणि ते ए पासून ए पर्यंत, म्हणजे गिटारपेक्षा पाच सेमीटोन वर लावतात (एक सेमीटोन म्हणजे एका फ्रेटचे अंतर). कॉर्डचे आकार तेच राहतात, पण सी चा आकार धरला तर एफ वाजतो. गिटार येणाऱ्याला प्रवासासाठी उत्तम. क्लासमध्ये इतरांबरोबर शिकणाऱ्या नवशिक्याचा मात्र पहिल्याच दिवशी गोंधळ होतो.

## टप्पा ३: नायलॉन की स्टील, आणि नटची रुंदी

आठ-नऊ वर्षांच्या आतल्या मुलाला नायलॉन तारांची गिटार द्या. ताण कमी, बोटे कमी दुखतात. मात्र नायलॉनच्या गिटारचा नट रुंद असतो: पूर्ण आकारात ५२ मिलिमीटर, ३/४ मध्ये ४८ च्या आसपास. स्टीलच्या लहान गिटारींचा नट बहुधा ४३ मिलिमीटर असतो. रुंद नटवर बोटे शेजारच्या तारेला कमी लागतात, पण मूठ मोठी उघडावी लागते. जाड बोटांच्या प्रौढाला ४३ ची आखूड मान अडचणीची होते. त्याने ४४ ते ४५ मिलिमीटरचा नट मिळतो का ते पाहावे.

गाण्याबरोबर कॉर्ड वाजवायच्या असतील, पिक वापरायचे असेल आणि वाजवणारा दहा वर्षांच्या पुढचा असेल, तर स्टील घ्या.

> सावधान: नायलॉनच्या गिटारवर स्टीलच्या तारा कधीही चढवू नका. स्टीलचा पूर्ण सेट सुमारे ७० किलोचा ताण देतो, नायलॉनचा त्याच्या जवळपास निम्मा. ब्रिज उखडतो किंवा समोरची फळी फुगते. आवाज मोठा यावा म्हणून सर्रास केली जाणारी ही चूक दुरुस्त करण्याचा खर्च कित्येकदा गिटारच्या किमतीपेक्षा जास्त होतो.

डावखुऱ्यांसाठी: लहान आकारात डावखुरी गिटार दुकानात सहसा नसते, मागवावी लागते. उजवीच्या तारा उलट्या लावून भागत नाही. नटच्या खाचा आणि सॅडलचा तिरकेपणा उलटा पडतो आणि वरच्या फ्रेटवर सूर बिघडतो.

## टप्पा ४: बॉडी आणि बॅग

बॉडीची दोन मापे घ्या: ब्रिजजवळची सर्वांत मोठी रुंदी आणि बुडाकडची खोली. ड्रेडनॉटची रुंदी ४०० मिलिमीटरच्या आसपास असते. जीएस मिनी ३६५ च्या घरात, बेबी टेलर ३१८ च्या. खोलीत जास्त फरक पडतो: एफएस८०० ची खोली ९० ते ११० मिलिमीटर, तर ड्रेडनॉट १२० च्या जवळ जाते. कमी उंचीच्या माणसाला रुंदीपेक्षा ही खोली जास्त छळते, कारण उजवा हात तिच्यावरून वळून तारांकडे यावा लागतो.

लहान बॉडीत मंद्र स्वर कमी येतो, ते कोणत्याही किमतीत टळत नाही. जीएस मिनीसारख्या खोल बॉडीच्या छोट्या गिटारींत तो बराच सांभाळलेला असतो. पातळ बॉडीची गिटार एकट्याच्या गाण्याला पुरते, पण दहा जणांच्या बैठकीत ऐकू येत नाही.

प्रवासासाठी घेत असाल तर बॅगसकट मोजा. जीएस मिनीची एकूण लांबी ९३ सेंटिमीटर आहे, बेबी टेलरची ८६. बॅगेत घातल्यावर त्यात पाच-सात सेंटिमीटरची भर पडते. बॅगेचा फोम बोटाने दाबून पाहा. किमान १५ मिलिमीटर जाडी आणि हेडस्टॉकच्या मागे वेगळी उशी हवी. गिटारबरोबर फुकट मिळणारी पातळ कापडी पिशवी धूळ अडवते, एवढाच तिचा उपयोग.

## टप्पा ५: लाकूड आणि आपली हवा

गिटारच्या लाकडाला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. कोकण, मुंबई आणि गोव्यात पावसाळ्यात आर्द्रता दिवसचे दिवस ८० टक्क्यांच्या वर राहते. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये ती २० च्याही खाली जाते. पुण्याची गिटार सुट्टीत रत्नागिरीला आणि मग नागपूरला गेली, की एका वर्षात तिला दोन्ही टोके सोसावी लागतात.

दमट हवेत समोरची फळी फुगते, ब्रिज वर येतो आणि तारा फ्रेटबोर्डपासून उंच होतात. कोरड्या हवेत फळी आकसते, तारा खाली येऊन खरखरतात, फ्रेटबोर्डचे लाकूड आत जाते आणि फ्रेटची टोके बोटाला टोचू लागतात. फार कोरडे झाले तर फळी तडकते.

फिरस्तीसाठी म्हणूनच लॅमिनेट, म्हणजे थर चिकटवलेल्या लाकडाची बॉडी बरी. आवाजात ती सॉलिड, म्हणजे अखंड, लाकडापेक्षा कमी पडते, पण हवा बदलली तरी फारशी हलत नाही. लिटल मार्टिनच्या अनेक मॉडेलांत त्याच कारणाने दाबून बनवलेले हाय-प्रेशर लॅमिनेट वापरतात. सॉलिड टॉप (समोरची फळी) घ्यायचा असेल तर तो घरी राहणाऱ्या गिटारला घ्या.

> तपासा: "सॉलिड टॉप" असा दावा असेल तर साउंडहोलची (समोरच्या गोल भोकाची) कड पाहा. वरच्या लाकडाच्या रेषा कडेवरून तशाच खाली उतरत असतील तर सॉलिड. कडेला दोन-तीन आडवे थर दिसले तर लॅमिनेट. कडेवर पट्टी चिकटवलेली असेल तर कंपनीचे माहितीपत्रक मागा.

## टप्पा ६: दुकानात काय न्यायचे

मिलिमीटरचा टेप, अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा असलेली स्टीलची १५ सेंटिमीटर पट्टी, ३० सेंटिमीटरची सरळ पट्टी, क्लिप ट्यूनर (दुकानात गोंगाट असतो, फोनचे ॲप गोंधळते), कॅपो (सगळ्या तारा एका फ्रेटवर दाबून धरणारा चिमटा) आणि एक व्हिजिटिंग कार्ड. वाजवणारा बरोबर हवाच. मूल शाळेत असताना वडिलांनी एकट्याने जाऊन गिटार आणू नये.

पैशांचेही आधीच ठरवा. ठरलेल्या रकमेचा साधारण पाचवा हिस्सा सेटअप (कारागिराकडून मान, नट आणि सॅडल जुळवून घेणे), चांगल्या तारा, बॅग, ट्यूनर आणि कॅपोसाठी बाजूला काढा. सगळी रक्कम गिटारवर घालून सेटअप टाळला तर महागडी गिटारही बोटे सोलते.

## टप्पा ७: गिटारची पारख

एकाच मॉडेलच्या दोन-तीन गिटारी काढायला सांगा. त्यांच्यातही फरक असतो. मग हा क्रम:

१. आधी सुरात लावा. दुकानात टांगलेल्या गिटारी बहुधा उतरलेल्या असतात. सैल तारांवर मान जास्त सरळ दिसते आणि तारा खाली वाटतात. जाड तारेपासून ई, ए, डी, जी, बी, ई असे पूर्ण पट्टीत लावा आणि पाच मिनिटे थांबून पुन्हा लावा. त्याआधीचे प्रत्येक मोजमाप फसवे.

२. ट्यूनिंग की. लावतानाच पाहा. की फिरवली आणि सुरुवातीला काहीच हलले नाही, मग सूर एकदम उडी मारून वर गेला, तर गिअर सैल आहे किंवा तार नटच्या खाचेत अडकते आहे. दोन-तीन कींना तसे असेल तर गिटार परत ठेवा.

३. मान. सहावी, म्हणजे सर्वांत जाड, तार पहिल्या फ्रेटवर आणि जिथे मान बॉडीला मिळते त्या फ्रेटवर एकाच वेळी दाबा. सातव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्या फटीत व्हिजिटिंग कार्ड सरकवा. ते हलकेच घासत गेले तर ठीक. कार्ड साधारण ०.३ मिलिमीटर जाड असते. फट अजिबात नसेल तर मान मागे वाकली आहे. दोन कार्डे सहज गेली तर पुढे. दोन्ही दोष ट्रस रॉडने (मानेच्या आतल्या धातूच्या सळईने) दुरुस्त होतात, पण आधी ट्रस रॉड आहे का ते पाहा: साउंडहोलच्या आत मानेखाली किंवा हेडस्टॉकवरच्या छोट्या झाकणाखाली. काही अगदी स्वस्त गिटारींत तो नसतोच. त्यांची मान वाकली की उपाय उरत नाही.

४. मानेचा पीळ. बुडाकडून मानेच्या रेषेत डोळा लावून पाहा. फ्रेटच्या पट्ट्या एकमेकींना समांतर दिसल्या पाहिजेत. पीळ दिसला तर किंमत कितीही कमी केली तरी घेऊ नका.

५. मानेचा कोन. ३० सेंटिमीटरची पट्टी तारांमधून फ्रेटवर उभी ठेवा, एक टोक ब्रिजकडे. पट्टीची रेषा ब्रिजच्या लाकडाच्या वरच्या कडेला लागावी. लहान गिटारला ही पट्टी पुरते. मोठीला लांब पट्टी लागेल. रेषा ब्रिजच्या पोटात घुसत असेल तर मान पुढे झुकली आहे, आणि ते काम सेटअपचे नाही, मान काढून पुन्हा बसवण्याचे आहे.

६. ॲक्शन, म्हणजे तारांची फ्रेटपासूनची उंची. बाराव्या फ्रेटवर, फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या बाजूपर्यंत स्टीलच्या पट्टीने मोजा. सहावी तार २.५ मिलिमीटरच्या आसपास आणि पहिली तार २ च्या आत असेल तर उत्तम. सहावी ३ पर्यंत असेल तर सेटअपने खाली येईल. ४ असेल आणि सॅडल ब्रिजच्या वर २ मिलिमीटरच दिसत असेल, तर खाली आणायला जागाच नाही. ती गिटार सोडा.

७. नट. प्रत्येक तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटवर तिच्या खालची फट पाहा. केसाएवढी हवी. मग पहिल्या फ्रेटवर कॅपो लावून काही कॉर्ड वाजवून बघा. कॅपो लावताच गिटार एकदम सोपी झाली, तर नटच्या खाचा उथळ राहिल्या आहेत. नवशिक्यांना एफ कॉर्ड जमत नाही त्यामागे बहुतेक वेळा हेच असते, आणि दोष मात्र बोटांना दिला जातो.

८. प्रत्येक सूर. सहा तारा, पहिले बारा फ्रेट, म्हणजे बहात्तर जागा. सगळ्या मध्यम जोराने वाजवा. एकाच जागी खरखर असेल तर पुढचा फ्रेट उंच आहे. सगळीकडे असेल तर मान किंवा ॲक्शन. मानेच्या कडेवरून तळहात फिरवून फ्रेटची टोके टोचतात का पाहा.

९. सुरेलपणा. बाराव्या फ्रेटवर तार दाबून वाजवा, मग त्याच जागी बोट नुसते टेकवून हार्मोनिक वाजवा. ट्यूनरवर दोन्ही पाच सेंटच्या आत जुळले पाहिजेत (सेंट म्हणजे सेमीटोनचा शंभरावा भाग). सहाही तारांवर करा. दहा सेंटच्या वर फरक असेल आणि तारा जुन्या, गंजलेल्या असतील, तर नव्या तारा लावून पुन्हा पाहायला सांगा. तरीही राहिला तर नको. आखूड मानेवर हे जास्त काटेकोरपणे करा, कारण तार सैल असल्याने नवशिक्याच्या जोरात दाबलेल्या बोटाने सूर तसाही चढतो.

१०. ब्रिज आणि आतली बाजू. ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागद सरकवा. कागद आत गेला तर ब्रिज सुटतो आहे. फोनचा कॅमेरा साउंडहोलमध्ये घालून आतल्या पट्ट्यांचा फोटो घ्या. सुटलेल्या पट्ट्या, ओघळलेला गोंद, तडे दिसतात. पाठीवर बोटाने टकटक करा. कुठे खडखड झाली तर आत काहीतरी मोकळे आहे.

> सावधान: तारा खाली आणण्यासाठी विक्रेता तिथेच ट्रस रॉड फिरवू लागला तर थांबवा. ट्रस रॉड मानेचा बाक सुधारतो, ॲक्शन नाही. अर्ध्या फेऱ्यापेक्षा जास्त एकदम फिरवलेला रॉड मानेला इजा करतो.

ऑनलाइन मागवली तर पेटी उघडतानाचा व्हिडिओ घ्या आणि परतीची मुदत संपायच्या आत हे दहाही मुद्दे पाहा. मुदतीपर्यंत बॅगेवरचे टॅग काढू नका, स्टिकर लावू नका. जुनी गिटार घेताना मानेच्या सांध्याजवळचा आणि हेडस्टॉकच्या मागचा तडा खास शोधा. पॉलिशने तो झाकलेला असू शकतो, बोट फिरवले की जाणवतो.

## टप्पा ८: सेटअप

गिटार घरी आणण्याआधी कारागिराकडे द्या. क्रम असा: आधी मानेचा बाक, मग नटच्या खाचा, शेवटी सॅडल. सॅडल आधी घासले आणि मान नंतर सरळ केली, तर तारा फार खाली येतात आणि नवे सॅडल घ्यावे लागते.

सॅडलचा हिशोब साधा आहे. बाराव्या फ्रेटवर जेवढे कमी करायचे, त्याच्या दुप्पट सॅडलमधून काढायचे. ॲक्शन ३.२ वरून २.५ वर आणायची म्हणजे ०.७ कमी, सॅडलमधून १.४ मिलिमीटर. घासायचे नेहमी खालच्या बाजूने. वरचा आकार बदलला की सुरेलपणा जातो. बूड सपाट राहिले पाहिजे, नाहीतर आवाज बोदा होतो.

कोकणातल्या गिटारचा सेटअप पावसाळ्याआधी करून घेतला असेल, तर ऑगस्टमध्ये ॲक्शन पुन्हा मोजा. अर्ध्या मिलिमीटरपर्यंतची वाढ हवेची असू शकते. तेवढ्यासाठी सॅडल घासू नका, डिसेंबरमध्ये तारा खरखरतील.

## टप्पा ९: आखूड मानेला कोणत्या तारा

दुकानात नवशिक्याला दहाचा सेट देतात, म्हणजे पहिली तार ०.०१० इंच. पूर्ण मानेवर हे योग्य आहे. आखूड मानेवर नाही.

ताण स्केल लेंथच्या वर्गाप्रमाणे बदलतो. ६४८ मिलिमीटरवर बाराचा सेट (०.०१२ ते ०.०५३) सुमारे ७० किलो ताण देतो. तोच सेट ५८४ वर ५७ किलोच्या आसपास येतो, म्हणजे पूर्ण मानेवरच्या दहाच्या सेटएवढा. बोटांना मऊ लागतो आणि सूरही टिकतो. ५८४ वर दहाचा सेट लावला तर तारा लुळ्या पडतात, फ्रेटवर आपटतात, आणि जरा जोरात दाबले की सूर चढतो. लोक मग ट्यूनिंग की बदलायला निघतात.

- ६३० ते ६५०: नवशिक्याला दहा किंवा अकरा
- ५७५ ते ६००: बारा
- ५४०: बारा, त्याहून जाड सेट कंपनीने चालेल म्हटले असेल तरच

जाडी बदलली की नटच्या खाचाही त्या मापाच्या लागतात. म्हणून कोणता सेट वापरणार ते सेटअपला देतानाच कारागिराला सांगा.

## टप्पा १०: घरी आणि वाटेवर

नव्या तारा चार-पाच दिवस उतरत राहतात. वाजवायला घेताना दर वेळी लावा, आणि सूर नेहमी खालून वर आणत लावा. वर गेला तर आधी उतरवा, मग चढवा. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या सुती कापडाने पुसा. समुद्राजवळच्या हवेत न पुसलेली तार काही आठवड्यांत गंजते.

पावसाळ्यात गिटार भिंतीवर टांगू नका. बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या महिन्यातून एकदा वाळवा. कोरड्या उन्हाळ्यात किंवा एसीच्या खोलीत उलटे करा: भोके पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला करून घट्ट पिळलेला स्पंज घालून ती बॅगेत हेडस्टॉकजवळ ठेवा. थेंब लाकडावर पडता कामा नये.

लोकलच्या गर्दीत गिटार पाठीवर ठेवू नका, पुढे घ्या. पाठीवर असली की वर आलेला हेडस्टॉक दाराच्या चौकटीला आपटतो, आणि गिटार तिथेच सर्वांत जास्त मोडतात. एसटीत डिकीत टाकू नका. शेवटची सीट टाळून पायांमध्ये उभी धरा. रेल्वेत वरचा बर्थ मिळाला तर उशाशी आडवी. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत ती पंधरा मिनिटेही राहू देऊ नका. तिथल्या उष्णतेने गोंद मऊ होतो आणि तारांच्या ताणाने ब्रिज सरकतो.

विमानाचे तिकीट काढण्याआधी कंपनीला विचारा. देशांतर्गत केबिन बॅगेचे माप साधारण ५५ × ३५ × २५ सेंटिमीटर असते, आणि ७० सेंटिमीटरचे गिटालेलेही त्यात बसत नाही. वाद्यांसाठी काही कंपन्या सवलत देतात, काही वेगळी सीट घ्यायला लावतात. नियम लेखी घेऊन प्रिंट बरोबर ठेवा. सामानात द्यावीच लागली तर कडक केस घ्या, तारा दोन सेमीटोन उतरवा, हेडस्टॉकच्या खाली आणि दोन्ही बाजूंना कपडे ठासून भरा. केस हलवली तर आत काहीही हलता कामा नये. पोचल्यावर केस लगेच उघडू नका. खोलीच्या हवेत दोन-तीन तास राहू द्या, मग ब्रिजखाली कागद घालून पाहा आणि तारा एकेक करून पट्टीत आणा.